जेरुसलेमचे घरजावई

जेरुसलेमच्या जुन्या तटाबाहेर, किद्रोनच्या कोरड्या ओढ्याशेजारी मरीयेची कबर आहे. वर दिसतं ते फक्त कमानीचं दार. आत पाऊल टाकलं की लगेच पायऱ्या लागतात, चांगल्या ऐसपैस रुंद, शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या, खाली काळोखात उतरणाऱ्या. मी मोजल्या, ४७ भरल्या. आमच्या गटातली बाकीची मंडळी तेव्हा बाजारात खजुराच्या भावावरून घासाघीस करत होती.

उतरताना उजव्या हाताला भिंतीत कोनाड्यासारखी एक खोली आहे. आता तिथे मरीयेचे आईवडील, योआकिम आणि हन्ना, यांच्या नावाने मेणबत्त्या लागतात. पण ती खोली त्यांच्यासाठी बांधलेली नाही. ११६१ च्या सप्टेंबरात वारलेल्या, जेरुसलेमच्या मेलिसेंद नावाच्या राणीला तिथे पुरलं होतं. त्या काळचा इतिहासकार, टायरचा आर्चबिशप विल्यम, ती जागा पाहुण्याला पत्ता सांगावा तशी सांगतो: कबरीकडे उतरताना उजवीकडे, दगडी घुमटीत, लोखंडी दारं, शेजारी वेदी. आज दारं नाहीत, शवपेटी नाही. नावाची पाटी आहे ती दुसऱ्यांची.

मी इस्रायलला गेले होते ठिबक सिंचन बघायला. रत्नागिरी जिल्ह्यात आमची कलमांची बाग आहे, आणि बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यात एक जागा रिकामी होती. आठ दिवसांतले सात दिवस नळ्या, ड्रिपर आणि खताच्या टाक्या. जेरुसलेमला एक दिवस. पत्रकात दोन छापले होते, असो. आमचे वाटाडे बेने इस्रायली, मूळचे अलिबागकडचे, लहानपणी आईबापांबरोबर आलेले आणि राहायला रमल्यात. त्यांची मराठी शाबूत होती, फक्त साठ वर्षांपूर्वीची. तिसऱ्या दिवसापासून आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायला लागलो.

मेलिसेंदची आणि माझी ओळख एका पोथीमुळे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत तिची म्हणून ओळखली जाणारी लॅटिन स्तोत्रांची पोथी आहे, तिच्या हस्तिदंती पुठ्ठ्यांचे फोटो मी कधीतरी पाहिले, आणि मग हे राज्य नेमकं कोणतं म्हणून वाचत गेले. सुरुवातीला काही कळेना. पाच बाल्डविन, दोन इसाबेला, आणि प्रत्येक पिढीत फ्रान्स किंवा इटलीकडून कुणीतरी नवा माणूस येऊन राजा होतोय. वंशावळीचा कागद सरळ खाली उतरायचं नाव घेईना. मग एक दिवस डोक्यात आपला घरचा शब्द आला, घरजावई, आणि गाठ सुटली.

आमच्या घराला गावात अजून ‘जावयाचं घर’ म्हणतात. जावई म्हणजे माझे आजोबा. पणजोबांना तीन मुली, मुलगा नाही. थोरल्या दोघी सासरी गेल्या, धाकटीला, म्हणजे आजीला, घरात ठेवून तिच्यासाठी घाटावरून नवरा आणला. आजोबांनी त्या घरात बावन्न वर्षं संसार केला, कलमं लावली, विहीर पाडली, देवळाच्या कमिटीवर बसले, आणि गावाला शेवटपर्यंत जावयबुवाच राहिले. सातबाऱ्यावर आजीचं नाव, त्यापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, त्यापुढे आजोबांचं. आंबा उतरवायच्या दिवसांत गडी काही विचारायला आले की प्रश्न आजोबांकडे बघून विचारायचे आणि उत्तरासाठी आजीकडे वळायचे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. निदान तसं दिसत नसे.

तर जेरुसलेम. १५ जुलै १०९९ ला पश्चिम युरोपातून क्रुसेडवर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धावर, आलेल्या फौजांनी ते शहर घेतलं, आत सापडलेल्यांची कत्तल केली, आणि त्याच्या आगेमागे त्या प्रदेशात चार राज्यं उभी राहिली: एडेसा, अँटिओक, त्रिपोली, आणि सगळ्यांत मानाचं जेरुसलेम. पहिला सत्ताधीश गॉडफ्री वर्षभरात वारला. त्याचा भाऊ बाल्डविन एडेसाहून आला आणि ११०० च्या नाताळात बेथलेहेमला त्याने मुकुट घातला.

साताऱ्याची गादी दत्तक नामंजूर करून खालसा झाली हे शाळेत शिकलेला मराठी माणूस इथे पहिला प्रश्न विचारणार: वारस नसला तर दत्तक का घेत नव्हते? गंमत अशी, की या पहिल्या बाल्डविनची सगळी चढती कमान दत्तकविधानापासूनच सुरू झाली होती. १०९८ च्या फेब्रुवारीत एडेसाच्या थोरोस नावाच्या निपुत्रिक आर्मेनियन राज्यकर्त्याने त्याला मुलगा मानला. विधी असा की थोरोसने आपल्या अंगरख्यात त्याला ओढून घेतलं आणि उघड्या छातीला छाती भिडवली, मग त्याच्या बायकोनेही तेच केलं. महिन्याभरात शहरात उठाव झाला, जमावाने थोरोसला ठार मारलं आणि दत्तक चिरंजीव गादीवर बसले. त्यात त्यांचा हात किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. अशा दत्तकावर पुढे कुणी फारसा भरवसा ठेवला नाही यात नवल नाही. या राज्याने नातं मानलं ते रक्ताचं, आणि मुलगा नसेल तर मुलीचं रक्त चालत होतं.

पहिल्या बाल्डविनने तीन लग्नं केली, मूल एकही झालं नाही. तिसरी बायको अडेलेड ही सिसिलीची श्रीमंत विधवा. मूल झालं नाही तर राज्य तिच्या मुलाला, रॉजरला, असा करार करून तिला आणलं, तिची संपत्ती वापरली, आणि आधीची बायको हयात असल्याचं १११७ मध्ये सोयिस्करपणे आठवून तिला परत पाठवलं. सिसिलीच्या घराण्याने हा अपमान गिळला नाही. ज्या राज्याचा श्वासच समुद्रावाटे येत होता, त्याच्या वाटेवरचं एक बलाढ्य आरमार असं एका लग्नापायी दीर्घकाळ दुरावलं.

१११८ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा नातलग, दुसरा बाल्डविन, योगायोगाने नेमका त्या दिवसांत जेरुसलेमला आला होता. गॉडफ्रीचा थोरला भाऊ युस्टेस युरोपात होता आणि हक्क त्याचा असं म्हणणारेही होते. तो निघालाही, पण इटलीच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला तेव्हा मुकुट वाटला गेल्याची बातमी आली आणि तो मुकाट्याने मागे फिरला. जवळ असणं हासुद्धा हक्कच.

या दुसऱ्या बाल्डविनची बायको मॉर्फिया आर्मेनियन, सासरा मेलितेनेचा धनाढ्य गॅब्रिएल. विल्यमने या सासऱ्या-जावयाचा एक किस्सा लिहिलाय. सैनिकांचा पगार थकला, तेव्हा बाल्डविन त्यांना घेऊन सासुरवाडीला गेला आणि सासऱ्यासमोर ठरवून नाटक केलं: मी यांच्याकडे माझी दाढी गहाण ठेवलीय, पैसे नाही दिले तर ती उतरवावी लागेल. पूर्वेकडच्या लोकांत दाढी म्हणजे पुरुषाची अब्रू. जावई भादरून घेणार या कल्पनेने म्हातारा हादरला आणि ३०,००० सोन्याची नाणी मोजून मोकळा झाला. मानपानासाठी रुसणारे जावई मी पाहिलेत, पण दाढी गहाण टाकणारा नाही.

मॉर्फियाला चार मुली झाल्या: मेलिसेंद, अलिस, होडिएर्ना आणि योवेता. मुलगा नाही. मॉर्फियाला टाकून दुसरी करावी, असा मार्ग पहिल्या बाल्डविनने घालून दिलेलाच होता. या बाल्डविनने ते केलं नाही, ती वारल्यावरही पुन्हा लग्न केलं नाही. थोरलीला वारस ठरवलं. ११२९ च्या एका सनदेत मेलिसेंदचा उल्लेख ‘राजाची मुलगी आणि राज्याची वारस’ असा येतो. तिथे कुणाचा भ्रतार नाही.

पण एकट्या बाईच्या हाती राज्य देऊन भागत नव्हतं, कारण तिथली सगळी जमीन लढाईशी बांधलेली. ज्याच्याकडे जहागीर त्याने घोड्यावर बसून, ठरलेले स्वार घेऊन बोलावणं येईल तेव्हा हजर व्हायचं. बाईला जहागीर मिळे, पण चाकरी करायला पुरुष लागे. तेराव्या शतकात त्यांचे कायदेपंडित हे नियम लिहून काढतात तेव्हा त्यात असं दिसतं, की चाकरीची जहागीर बाळगणाऱ्या बाईला तिचा धनी तीन स्थळं सुचवू शकतो आणि तिने त्यातलं एक पत्करायचं. साठी ओलांडली की सुटका. त्या वयातसुद्धा कुणीतरी नवरा लादायचा प्रयत्न केला असेल, म्हणूनच हे कलम लिहावं लागलं असणार.

मेलिसेंदसाठी फ्रान्समध्ये शोध घेतला गेला आणि आंजूचा काउंट फुल्क मिळाला. चाळिशीचा, विधुर, लढाया पाहिलेला, पूर्वी एकदा यात्रेला येऊन गेलेला. आपली तिकडची जहागीर मुलाच्या हवाली करून तो ११२९ मध्ये आला आणि लग्न झालं. विल्यम त्याच्याविषयी बरं लिहितो, फक्त म्हणतो की राजाला नावं आणि चेहरे लक्षात राहत नसत, स्वतःच्या घरातल्या नोकरांचीसुद्धा. परक्या गावी जावई म्हणून आलेल्या माणसाची ही अडचण मला फार समजते. आजोबांनाही भावकीतली नावं शेवटपर्यंत जुळली नाहीत.

ऑगस्ट ११३१ मध्ये सासऱ्याने मरताना एक बारीक पाचर मारून ठेवली. राज्य एकट्या जावयाला दिलं नाही. फुल्क, मेलिसेंद आणि त्यांचं तान्हं बाळ, तिघांच्या हाती मिळून दिलं. फुल्कला ते पचलं नाही. आंजूहून त्याची माणसं आली होती, त्यांना पदं हवी होती, आणि राणी हळूहळू कागदावरून दिसेनाशी झाली.

भडका उडाला तो याफाच्या ह्यूमुळे. देखणा तरुण सरदार, राणीचा नात्यातला. दोघांचं काही आहे अशी कुजबूज होती. ह्यूच्या सावत्र मुलाने भर दरबारात त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप केला आणि द्वंद्वाचं आव्हान दिलं. ठरल्या दिवशी ह्यू आलाच नाही. शेवटी तीन वर्षांची हद्दपारी ठरली. जहाजाची वाट पाहत असताना एका संध्याकाळी तो जेरुसलेममध्ये कातड्याच्या व्यापाऱ्यांच्या गल्लीत एका दुकानापुढे फासे खेळत बसला होता, तिथे एका ब्रेटन सरदाराने त्याला भोसकलं. ह्यू तेव्हा वाचला, पुढे परदेशी मेला. पण राजानेच मारेकरी घातला असं गाव बोलायला लागलं, आणि मेलिसेंद अशी काही खवळली की राजाच्या बाजूच्यांना तिच्यासमोर यायची भीती वाटू लागली. खुद्द राजालाही राणीच्या गोतावळ्यात सुरक्षित वाटेना. विल्यम सांगतो, त्यानंतर फुल्क इतका बायकोच्या मुठीत गेला की किरकोळ गोष्टसुद्धा तिला विचारल्याशिवाय करीना.

विल्यमला हे जरा हास्यास्पद वाटत असावं. मला वाटतं, त्या दिवशी मृत्युपत्राची अंमलबजावणी झाली.

ती पोथी बहुधा याच सुमाराची, समेटाची भेट म्हणून फुल्कने करवून घेतली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. तिच्यातल्या दिनदर्शिकेत जेरुसलेम जिंकल्याचा दिवस आहे, मेलिसेंदच्या बापाची आणि आईची पुण्यतिथी आहे. आर्मेनियन आईची तिथी बाप-राजाच्या बरोबरीने नोंदवलेली. बायकोला खूश करायचं तर सासू-सासऱ्यांचे दिवस लक्षात ठेवावेत, एवढं तरी फुल्कला साधलं म्हणायचं.

११४३ मध्ये अक्कोजवळ सशामागे घोडा घातला असता तो पडून मेला. नाताळात मेलिसेंदने तेरा वर्षांच्या मुलासह, तिसऱ्या बाल्डविनसह, पुन्हा मुकुट घातला आणि राज्य केलं. मुलगा मोठा झाला, तरी सोडलं नाही. सोडायचं कशासाठी? ती काही पालक म्हणून बसलेली नव्हती, राज्य बापाने तिला दिलेलं होतं. ११५२ मध्ये वाटणी झाली: उत्तरेकडे अक्को, टायर मुलाला, जेरुसलेम, नाब्लुस आईला. मुलाला तीही पटली नाही. त्याने आईला दावीदच्या गढीत कोंडलं, यंत्रांनी दगडांचा मारा केला, आणि तिने शेवटी नाब्लुस पत्करलं. लगेच मायलेकांचं जमलंही, तो तिचा सल्ला घेई. वाटणीच्या दाव्यात एकमेकांना कोर्टात खेचून सणाला एका पंगतीला बसणारी माणसं आपल्याकडे काय कमी आहेत?

बहिणींच्या गोष्टी एकेकीवर लिहीन म्हटलं तर लांबेल. अलिसचं सांगायलाच हवं. नवरा, अँटिओकचा बोहेमंड, ११३० मध्ये लढाईत पडला तेव्हा तिची मुलगी कॉन्स्टन्स दोन वर्षांची होती. अलिसला स्वतःला राज्य हवं होतं, त्यापायी ती बापाशी लढली. ११३६ मध्ये पॉतिएचा रेमंड गुपचूप बोलावला गेला. तो तुझ्याशी लग्न करायला येतोय असं तिथल्या धर्मगुरूने अलिसला सांगितलं. ती वाट पाहत बसली, आणि तिकडे चर्चमध्ये रेमंडचं लग्न तिच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीशी लागलं. ही कॉन्स्टन्स पुढे विधवा झाली तेव्हा मावसभावाने, तिसऱ्या बाल्डविनने, तिला तीन चांगली खानदानी स्थळं सुचवली. तिन्ही नाकारून ११५३ मध्ये तिने रेनाल्ड नावाच्या एका साध्या शिलेदाराशी लग्न केलं. निवड अत्यंत वाईट ठरली. पण आयुष्यात एकदा तिने निवड केली.

तिसरा बाल्डविन निपुत्रिक गेला, भाऊ अमालरिक राजा झाला. त्यासाठी त्याला आधी बायकोला, अ‍ॅग्नेसला, सोडावं लागलं. सरदारांची तशी अटच होती. दोन मुलं मात्र वैध ठरवून घेतली: सिबिला आणि बाल्डविन. मग बायझंटाइन राजकन्या मारियाशी लग्न, तिची मुलगी इसाबेला. पुढची सगळी पडझड या दोन सावत्र बहिणींच्या लग्नांची आहे.

बाल्डविनचा शिक्षक आपला विल्यमच. पोरं खेळताना एकमेकांचे हात चिमटून, नखांनी ओरबाडून कोण ओरडत नाही ते बघत. बाल्डविन कधीच ओरडत नसे. विल्यमला आधी कौतुक वाटलं, मग शंका आली, आणि तपासलं तर उजवा हात निम्मा बधिर. कुष्ठरोग. ११७४ मध्ये तेरा वर्षांचा हा मुलगा राजा झाला, सोळाव्या वर्षी त्याने माँगिसार्डला इजिप्त आणि दमास्कसचा सुलतान सलाहुद्दीन याला हरवलं, आणि त्याला मूल होणार नाही हे लवकरच सगळ्यांना कळून चुकलं. म्हणजे राजा कोण होणार, तर सिबिलाचा नवरा.

पहिला नवरा, इटलीतल्या माँफेरातचा विल्यम, लग्नानंतर काही महिन्यांत वारला. मागे एक मुलगा राहिला. ११८० च्या ईस्टरला राजाने घाईघाईने तिचं लग्न गी द लुझिन्याँ या पॉतूहून आलेल्या धाकट्या घरच्या मुलाशी लावून दिलं. तीन वर्षांत मेहुण्याचा पश्चात्ताप झाला. गीकडून कारभार काढून राजाने सिबिलाच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपल्या हयातीतच मुकुट घातला. गी अश्केलोनला जाऊन बसला. आंधळा झालेला, पालखीतून फिरणारा राजा त्याच्या वेशीपाशी गेला, दार बंद होतं. त्याने स्वतःच्या त्या झडलेल्या हाताने दार वाजवलं. उघडलं नाही. तटावरून लोक बघत होते.

राजा ११८५ मध्ये गेला. छोट्याचा कारभार त्रिपोलीच्या रेमंडकडे आला, पण रेमंडने पोराला स्वतःपाशी ठेवायला साफ नकार दिला: मूल दगावलं तर लोक माझ्याकडे बोट दाखवतील. मूल पुढच्याच वर्षी दगावलं.

आणि मग सिबिला. सरदारांना गी नको होता. तिला राणी करू, पण आधी त्याला सोड, अशी अट पडली. एका परंपरेनुसार तिने ती मान्य केली, उलट तीन अटी घातल्या: मुलींचा हक्क राहील, गीची जमीन राहील, आणि पुढचा नवरा मी निवडीन. खजिन्याला तीन कुलपं. एक किल्ली धर्मगुरूकडे, एक टेम्पलरांच्या प्रमुखाकडे, एक हॉस्पिटलरांच्या (हे दोन्ही लढवय्या साधूंचे संघ). हॉस्पिटलर प्रमुख किल्ली देईना. फार मागे लागले तेव्हा त्याने ती त्राग्याने भिरकावली. शहराच्या वेशी लावून घेतल्या. सिबिलाला मुकुट चढला. दुसरा मुकुट तिथेच होता. तिने तो उचलला, गीला पुढे बोलावलं, आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. नवरा मी निवडीन म्हणाली होती, निवडला.

मला सिबिला आवडते, आणि तसं म्हणायला लाज वाटावी अशीच परिस्थिती आहे, कारण वर्षभरात, ४ जुलै ११८७ ला, तिने निवडलेल्या त्या नवऱ्याने राज्याचं सगळं सैन्य हत्तीनच्या बिनपाण्याच्या माळावर नेऊन संपवलं. २ ऑक्टोबरला जेरुसलेम सलाहुद्दीनच्या हाती गेलं. ११९० मध्ये, अक्कोच्या वेढ्याच्या छावणीत, सिबिला आणि तिच्या दोन्ही मुली रोगाने मेल्या. त्याबरोबर गीच्या पायाखालची जमीन सरकली. मुकुट बायकोच्या रक्तातून आला होता, ती गेल्यावर तो नुसता एक परगावचा माणूस उरला.

आजी गेली तेव्हा मी बारावीत होते. तेराव्याची माणसं पांगल्यावर आजोबा माझ्या वडिलांना, स्वतःच्या मुलाला, म्हणाले, “मग मी आता इथेच राहू ना?” वडिलांना काय बोलावं सुचेना. तलाठ्याकडे वारसनोंद व्हायची होती, आणि आजोबांचं नावही लागणारच होतं, पण ते कायद्याचं विचारत नव्हते.

गीला शेवटी सायप्रस विकत घ्यावं लागलं.

आता हक्क इसाबेलाकडे आला. आठव्या वर्षी तिची सोयरीक तोरोनच्या हम्फ्रीशी झालेली, अकराव्या वर्षी केराकच्या किल्ल्यात लग्न. त्याच वेळी सलाहुद्दीनचा वेढा पडला. विहिणीने लग्नाच्या पंगतीतली ताटं त्याच्याकडे पाठवली, आणि त्याने वधूवर कोणत्या बुरुजात आहेत ते विचारून तेवढ्यावर दगड टाकू नका असा हुकूम दिला, अशी गोष्ट सांगतात. दोघांचं बरं चाललं होतं. हम्फ्री सौम्य, शिकलेला, भांडणाला भिणारा. ११८६ मध्ये सरदार त्याला राजा करायला निघाले, तर तो रातोरात पळून सिबिलाकडे गेला होता. आता राज्याला लढणारा पुरुष हवा होता, आणि टायर वाचवणारा माँफेरातचा कॉनराड, सिबिलाच्या पहिल्या नवऱ्याचा भाऊ, समोर उभा होता. त्याचीही एक बायको कॉन्स्टँटिनोपलला हयात असल्याचं बोललं जाई. अठरा वर्षांच्या इसाबेलाला हम्फ्रीला सोडायचं नव्हतं. तिच्या आईने तिला बसवून समजावलं: लग्न झालं तेव्हा तू अल्पवयीन होतीस, म्हणजे ते झालंच नाही. २४ नोव्हेंबर ११९० ला दुसरं लग्न लागलं.

२८ एप्रिल ११९२. इसाबेला हमामात गेली होती, तिला यायला उशीर झाला. भुकेजलेला कॉनराड एका बिशपकडे जेवायला गेला, त्याचं जेवण आधीच उरकलेलं. परत येताना टायरच्या गल्लीत दोन मारेकऱ्यांनी त्याला सुऱ्यांनी भोसकलं. आठवड्याभरात, ५ मे रोजी, गरोदर इसाबेलाचं लग्न शाँपान्यच्या हेन्रीशी झालं. ती दिवसांत असताना हे कसं, असा सलाहुद्दीनचा चिटणीस इमादुद्दीन याला धक्का बसलेला त्याच्या लिखाणात दिसतो. ११९७ मध्ये हेन्री अक्कोच्या वाड्याच्या खिडकीतून पडून मेला. चौथा नवरा एमरी, गीचाच भाऊ, तेव्हा सायप्रसचा राजा. १२०५ मध्ये तो गेला, पाठोपाठ तीही. वय तेहेतीसच्या आसपास. चार नवरे झाले, पण तिच्या तोंडचं एखादं वाक्य शोधायला गेलं तर जवळपास काहीच हाताला लागत नाही.

पुढचं भराभर. कॉनराडपासूनची तिची मुलगी मारिया तेराव्या वर्षी राणी. तिच्यासाठी फ्रान्सच्या राजाने ब्रिएनचा जॉन पाठवला. १२१० मध्ये लग्न, १२१२ मध्ये बाळंतपणात मृत्यू. मागे काही दिवसांची इसाबेला दुसरी, जन्मतःच राणी. तिला नवरा शोधला तो साक्षात पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट, दुसरा फ्रेडरिक. १२२५ मध्ये बारा-तेरा वर्षांची ही मुलगी जहाजात चढली, आणि किनाऱ्याकडे वळून म्हणाली म्हणतात, की गोड सुरिया (म्हणजे सीरिया), तुला देवावर सोपवते, मी तुला पुन्हा पाहणार नाही. पाहिलं नाहीच.

आपल्याकडे एक सुभाषित आहे: सदा वक्रः सदा क्रूरः सदा पूजामपेक्षते, कन्याराशिस्थितो नित्यं जामाता दशमो ग्रहः. जॉनला ते माहीत असतं तर बरं झालं असतं. नोव्हेंबरात ब्रिंदिसीला लग्न लागलं आणि जावयाने लगोलग सासऱ्याला सांगितलं, राज्य आता माझं. पंधरा वर्षं जेरुसलेमचा राजा म्हणवणारा जॉन स्वतःच जावई, बायको केव्हाच गेलेली, हक्क मुलीचा, आणि मुलीचा म्हणजे जावयाचा. त्याला तक्रार करायला कायद्यात जागाच नव्हती. मुलगी १२२८ मध्ये मुलाला जन्म देऊन वारली. ११३१ साली सुरू झालेला हा हिशेब ९७ वर्षांत पाच राण्यांवर आला.

फ्रेडरिकच्या वंशजांनी राज्यात पाऊलही टाकलं नाही. त्या मोकळ्या जागेत इबेलिन घराणं मोठं झालं, ज्यांचा मूळपुरुष कुठून आला हेसुद्धा नीट सांगता येत नाही. त्यांच्याकडे एक किल्ला आला, मग मामांचं रमला लग्नाने मिळालं, मग राजाची विधवा. शेवटी कायद्याचे ग्रंथही त्यांच्यातल्याच एकाने लिहिले. सातबारा ज्याच्या नावावर, आणि तो वाचता येतो ज्याला, यांतला दुसरा नेहमीच वरचढ.

१२६८ मध्ये इसाबेला दुसरीचा वंश नेपल्सला शिरच्छेदाने संपला, आणि हक्कासाठी दोन दावेदार उभे राहिले: सायप्रसचा ह्यू, आणि इसाबेला पहिलीची नात, अँटिओकची मारिया. नातं मारियाचं एका पिढीने जवळचं. दरबाराने कौल दिला ह्यूच्या बाजूने. ही मारिया अविवाहित. तिने नवरा केला नाही, फौज गोळा केली नाही, ती रोमला पोपकडे गेली, आणि १२७७ मध्ये आपला हक्क नेपल्सच्या राजाला, आंजूच्या चार्ल्सला, विकून टाकला: १,००० सोन्याची नाणी रोख आणि दरसाल ४,००० फ्रेंच तुर्नुआ पौंड. दीडशे वर्षं ज्या हक्कासाठी या घरातल्या मुलींच्या गळ्यात माणसं बांधली गेली, त्याची तिने पेन्शन करून घेतली. १८ मे १२९१ ला अक्को पडलं, तिथली राज्यं संपली, मारिया त्यानंतरही जिवंत होती. तिने विकलेली ती पदवी नेपल्सच्या गादीबरोबर फिरत फिरत स्पेनला गेली, आणि तिथल्या राजाच्या पारंपरिक बिरुदांत जेरुसलेमचा राजा हे बिरुद आजही मोजतात.

खालच्या बाजूने ग्रीक बायकांचा एक घोळका वर येत होता. त्यांतल्या दोघी त्या खोलीपाशी थांबल्या, हन्नाआजीला मेणबत्ती लावली, क्रूस केला आणि पुढे गेल्या. मी कठड्याला टेकून त्यांना वाट दिली. मग वर आले तर मामा दारात घड्याळ बघत उभे.

“एवढा वेळ काय करत होतीस गं? बस सुटायची होती.”

“एका राणीची कबर आहे मामा आत. बघत होते.”

“राणी? कुठल्या राजाची?” मामांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ते बसकडे बघत माणसं मोजायला लागले.